गांधीलमाशीचा डंख आणि सासूबाईंची गाडी

जावई प्लंबर असल्यामुळे सासूबाईंच्या घरातला नळ दुरुस्त करणं ओघानंच त्याच्याकडे आलं. सुट्टीच्या सकाळी तो सिंकखाली शिरला, पाइपमागे हात घातला आणि ओरडतच बाहेर आला. भिंतीच्या फटीत गांधीलमाश्यांचं पोळं होतं. एकीनं मानेवर कडकडून डंख मारला होता.

सासूबाई बर्फ घेऊन येईपर्यंत त्याच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले.

"आई, घसा... आवळतोय."

बायको परगावी. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, वेळ लागेल. सासूबाईंनी त्याच्या व्हॅनची किल्ली उचलली. त्यांना लायसन्स नुकतंच मिळालं होतं आणि गाडी गल्लीबाहेर कधी नेलेली नव्हती.

"तुम्ही चालवणार?" तशा अवस्थेतही त्याचे डोळे विस्फारले.

"बोलू नका, श्वास घ्या!"

व्हॅन आचके देत सुटली. इंजिन किंचाळत होतं, मागचे पाइप खडखडत होते, आणि सासूबाईंनी हॉर्नवरचा हात काही काढला नाही. "बाजूला व्हा, अहो बाजूला!" त्या बंद काचेआडून सगळ्या रस्त्याला सांगत होत्या. शेजारी त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तशी त्यांनी गतिरोधकांची पर्वाच सोडली.

गाडी दवाखान्याच्या थेट पायरीला भिडली.

"गांधीलमाशी चावलीय! माझ्या जावयाला श्वास घेता येत नाही!"

डॉक्टरीणबाईंनी एक नजर टाकली आणि पँटवरूनच त्याच्या मांडीत ॲड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं. नर्सनं ऑक्सिजन लावला. सासूबाईंनी त्याचा हात घट्ट धरला. लग्नापासून दोघं एकमेकांशी जेवढ्यास तेवढंच बोलत आले होते.

हळूहळू शिट्टी विरली. ओठांचा निळेपणा गेला. त्यानं डोळे उघडले.

"आई... सगळा रस्ता पहिल्या गिअरमध्ये आणलंत की हो!"

सासूबाई एकदम हसल्या आणि हसता हसता रडायलाच लागल्या.

"त्रास पुन्हा उसळू शकतो, म्हणून आज इथेच राहायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि यापुढे या इंजेक्शनचं पेन कायम जवळ ठेवायचं, त्रास झाला की लगेच टोचता येतं."

"मला शिकवा," सासूबाई लगेच पुढे सरसावल्या.

नर्सनं सरावाचं, बिनसुईचं पेन त्यांच्या हातात दिलं. "मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनच," सासूबाईंनी घोकलं. गाल लाल झालेले, पदर खोचलेला. पेन उगारून त्या पलंगाकडे वळल्या.

जावयानं पटकन पाय आखडून घेतला.

"अहो, यात सुई नाहीये!"

"तुमचा जोर बघितलाय ना मी आज!" तो म्हणाला, आणि पाय पुन्हा लांब केला.