पूजा झाली, परीक्षा राहिली

यंत्राची पूजा सोमवारी झाली आणि तिथंच माझं डोकं फिरलं.

पूजेला माझी ना नाही. मी बौद्ध घरातली, आमच्याकडं यंत्रापुढं नारळ फोडत नाहीत. पण लॅब डॉ. बसवेश हत्तुरे सरांची, श्रद्धा त्यांची, त्यांनी खुशाल दोन फोडावेत. राग वेगळ्याच गोष्टीचा होता. यंत्र घ्यायचं अजून ठरलंच नव्हतं. पुण्याच्या कंपनीचा सुमित ते फक्त दाखवायला घेऊन आला होता, आठवडाभर वापरून बघा म्हणून. सरांनी त्याच्या काचेवर विभूतीच्या तीन रेघा ओढल्या, हार घातला, पेढे वाटले. आणि पूजा झालेली वस्तू सरांच्या दारातून परत जात नाही, हे लॅबमधल्या झाडूवाल्या मायाप्पालासुद्धा माहीत आहे. म्हणजे निवड झाली. राहिली होती फक्त माझी, म्हणजे लॅबच्या तंत्रज्ञाची सही.

आमची लॅब एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांच्या रांगेत. डाळिंबाच्या रोपांची तपासणी करतो. रोपवाटिकावाले पानं आणून देतात, त्यांत तेल्या रोगाचा जंतू आहे की नाही ते आम्ही सांगतो. पानांचा अर्क प्लेटमध्ये भरायचा. प्लेट तळहाताएवढी, तिला शहाण्णव खळगे, एका खळग्यात एक नमुना. वर पातळ फिल्म चिकटवायची, दह्याच्या कपावर असते तशी, आणि प्लेट तापवायला लावायची. फिल्म कुठं सुटली की एका खळग्यातलं पाणी शेजारच्यात जातं. रोग एकाचा, नाव दुसऱ्याचं.

चंद्रव्वाचं तसंच झालं. ही अक्कलकोटकडची बाई, रोपवाटिका तिची एकटीची. मार्चमध्ये तिचा नमुना कोपऱ्यातल्या खळग्यात होता. रिपोर्ट गेला, रोग आहे. तिनं बावीसशे रोपं उपटून जाळली. महिन्याभरानं मला चैन पडेना म्हणून मी फ्रीजरमध्ये राखलेला तिचा अर्क पुन्हा लावला. तीनदा लावला. रोग नव्हता. तिच्या शेजारचा नमुना मात्र रोगानं भरलेला होता.

मी सरांना म्हटलं, तिला कळवू या.

"कळवून काय होणार? रोपं परत येणारेत का?" सर म्हणाले. "आधी यंत्र घेऊ. पुन्हा असं व्हायला नको."

आणि त्यांनी दोन कागद तयार केले. एकावर लिहिलं होतं, तंत्रज्ञाच्या हातून फिल्म नीट न लागल्याने निकाल बिघडले, सबब फिल्म लावणारे स्वयंचलित यंत्र आवश्यक. दुसऱ्यावर, सदर यंत्राची चाचणी घेतली, योग्य आढळले. दोन्हींच्या खाली माझं नाव छापलेलं, धम्मप्रिया बनसोडे. मी सही केली की चंद्रव्वाचा विषय फायलीत मिटणार, आणि ती जन्मभर आपल्याच रोपांना दोष देत बसणार. मला ते सहन होईना.

"चाचणी कधी घेतली?" मी विचारलं.

"सोमवारी घेतली की, तुमच्यासमोर. दहा प्लेटा लावल्या, एक थेंब हलला नाही."

सोमवारी आमच्या रांगेतल्या मागांना सुट्टी असते. वीज त्या दिवशी सासरी आलेल्या नव्या नवरीसारखी वागते. एरवी दुपारी दोनला पाळी बदलते, सगळे माग एकदम चालू होतात, आमचे दिवे पिवळे पडतात आणि एसी कण्हायला लागतो. सोमवारी यंत्र पास करायचं म्हणजे बंदच्या दिवशी रस्ता ओलांडायचा आणि सांगत सुटायचं, मला गाड्यांची भीती नाही.

"सर, पूजा झाली, परीक्षा राहिली," मी म्हटलं. "बुधवारी दुपारी दोनला घेऊ. दोन्ही यंत्रांची."

दुसरं यंत्र एका लहान कंपनीनं कुरिअरनं पाठवलं होतं. करड्या रंगाचं, ना स्क्रीन ना काच. दोन दिवे आणि तापमानाचा आकडा, बस. सरांनी ते खोक्यातून काढलंही नव्हतं. दिसायला ते इस्त्रीवाल्याकडून उचलून आणल्यासारखं होतं, हे मलाही मान्य आहे.

"आणि माझ्या हाताची," मी पुढं म्हटलं. "तिघांची एकदमच होऊ दे."

"हाताचा निकाल लागलाय की."

"लागला नाही. तुम्ही लिहिलाय."

सरांनी चष्मा काढला. "बनसोडे, तुमचं कंत्राट जूनला संपतंय. लक्षात आहे ना?"

"आहे की. अजून मे यायचाय."

दोन्ही कागद मी सही न करताच त्यांच्याकडं सरकवले.

बुधवारी बाहेरच्या बाकड्यांवर नमुने घेऊन आलेले सहा रोपवाटिकावाले बसले होते, कुणी मंगळवेढ्याचे, कुणी माढ्याकडचे. त्यांच्याशेजारी चंद्रव्वाही होती. मी तिला बोलावलं नव्हतं, असं मी नंतर सरांना सांगितलं. ते खोटं होतं. बोलावलं होतं. ताजी पानं घेऊन बुधवारी या, एवढंच फोनवर म्हटलं होतं.

मी बाजारातून जिलेबीचा केशरी रंग आणला होता. एका खळग्यात रंगाचं पाणी, शेजारच्यात साधं, पुन्हा रंगाचं, पुन्हा साधं, अशा नऊ प्लेटा भरल्या. प्रत्येकाला तीन. फिल्म लावायची, प्लेट तापवायची, उलटी करून टेबलावर आपटायची. साधं पाणी केशरी झालं की समजायचं, गळलं. यात विद्वत्ता काही नाही.

दोनचा भोंगा झाला, माग धडाडले आणि दिवे पिवळे पडले.

"मॅडम, दहा मिनिटं थांबू या का?" सुमित म्हणाला. "व्होल्टेज स्थिर होऊ दे."

"इथं ते रात्री स्थिर होतं. तोवर पानं वाळतात."

त्याचं यंत्र देखणं होतं, खोटं कशाला बोलू. प्लेट आत जायची, गुणगुणत बाहेर यायची, आणि स्क्रीनवर हिरवी खूण उमटायची. तिन्ही वेळा हिरवी. करड्यानं दोन प्लेटा मुकाट्यानं केल्या आणि तिसरीला लाल दिवा लावून बसलं. प्लेट आत घेईचना. वीज कमी पडून तापमानाचा आकडा खाली गेला होता, आणि यंत्रात फिल्म चिकटते ती उष्णतेनंच.

"बंद पडलं," सुमित हसला. सरही हसले.

चार मिनिटांनी आकडा वर चढला, दिवा हिरवा झाला आणि त्यानं प्लेट घेतली.

मग माझा हात. रोलर फिरवला, कडा अंगठ्यानं दाबल्या, चारही कोपरे दोनदा. इतकी वर्षं केलंय, तसंच केलं.

सगळ्या प्लेटा तापवून उलट्या आपटल्या. सुमितची पहिली स्वच्छ निघाली. दुसरीत चार खळगे केशरी. तिसरीत नऊ. करड्याच्या तिन्हीत एकही नाही. माझ्या दोन स्वच्छ होत्या, आणि तिसरीत एक खळगा केशरी, खालचा उजवा कोपरा. चंद्रव्वाचा नमुना मार्चमध्ये तिथंच होता.

मनातून मला पक्की खात्री होती की माझा हात निर्दोष सुटेल. आपली चूक नसावी असं कुणाला वाटत नाही?

"मग?" सर अगदी हळू म्हणाले. "आम्ही काय वेगळं लिहिलं होतं?"

"एक खळगा माझा," मी म्हटलं. "तो मी लिहून देते. तेरा तुमच्या यंत्राचे, तेही लिहिते. माझा हात चुकला तेव्हा मी पुन्हा तपासलं तरी. हे चुकतं आणि हिरवी खूण दाखवतं. ते करडं तापलं नाही तर नाही म्हणतं. मला तेच पाहिजे."

"पूजा झालेलं परत पाठवू म्हणता?"

"विभूती असू दे सर. परतीच्या वाटेवर सुमितला लाभेल."

सुमितला हसू आलं, त्यानं ते गिळलं. सर मात्र हसले नाहीत. मी दाराकडं निघाले तसे ते म्हणाले, "बनसोडे, आतली गोष्ट आत. बाहेर बोलायचं नाही."

मी दार उघडलं. उघडंच ठेवलं.

"चंद्रव्वा," मी म्हटलं, "मार्चमधला तुमचा रिपोर्ट चुकीचा होता. तुमच्या रोपांना रोग नव्हता. प्लेटवरचं झाकण मी लावलं होतं, ते कोपऱ्यात सुटलं. शेजारच्याचा रोग तुमच्या नावावर आला."

ती ओरडेल, रडेल, निदान चार शिव्या तरी देईल असं मला वाटलं होतं. ती माझ्या हातांकडं बघत राहिली.

"पानावर येक डाग न्हवता," ती म्हणाली. "मी म्हनत हुते. लई म्हनत हुते. मग तुमचा कागद आला, आन् मी माज्या हातानं उपटली."

मला तिच्याकडं बघवेना. तरी बघितलं.

"लिहून दे," ती म्हणाली.

सर लगबगीनं बाहेर आले. "अव्वा, आत या, चहा घ्या. बसून बोलू की."

"चहा बेडा. नको मला. लिहून द्या."

मी लॅबच्या कागदावर टाइप केलं. मार्चचा रिपोर्ट रद्द, रोप निरोगी होतं, चूक प्रयोगशाळेची. सही केली आणि कागद सरांपुढं धरला. सहाही रोपवाटिकावाले उठून उभे राहिले होते. प्रत्येकाच्या हातात पानांची पिशवी होती आणि प्रत्येकाच्या मनात आता आपापला जुना रिपोर्ट होता. सरांनी त्या पिशव्यांकडं बघितलं. मग खिशातून पेन काढलं. मनापासून केली म्हणणार नाही मी, पण सही केली.

चंद्रव्वानं कागद घेतला, उलटसुलट बघितला आणि मलाच परत दिला.

"वाच. मी शिकलेली न्हाय. तवाचा कागद कल्लप्पाच्या खताच्या दुकानात वाचला हुता, समद्या गावाम्होरं. मोठ्यानं वाच."

माग धडधडत होते. त्यांच्यावर आवाज चढवून मी वाचलं. तारीख वाचली, तिचं नाव, रोपवाटिकेचं नाव, रोप निरोगी होतं, चूक प्रयोगशाळेची. खाली माझं नाव आलं तेही वाचलं. मग वाचलं, डॉ. बसवेश हत्तुरे, संचालक.

"चूक कुनाची ते परत वाच," चंद्रव्वा म्हणाली.

मी परत वाचलं.