झडतीमास्तरांनी भरलेली हवा

घरातली मुलगी किंवा सून पिशवी घेऊन दाराकडे निघाली, की तीन प्रश्न तिच्या आधी उंबऱ्यावर जाऊन उभे राहतात. कुठे? कोणाबरोबर? परत कधी? वाचकहो, आपल्या घरी असं काही नसतं म्हणणाऱ्यानं आधी घरातल्या बायकांना विचारून घ्यावं. मुलगा निघाला तर आपण फार तर विचारतो, छत्री घेतलीस का.

ही गोष्ट ज्या घरातली आहे, तिथे तर सासऱ्यांचा तो पेशाच होता. एका मोठ्या कारखान्याच्या फाटकावर ते पहारेकऱ्यांचे प्रमुख होते. घरी निघालेल्या कामगारांच्या पिशव्या उघडून बघण्यात त्यांची हयात गेली. गल्लीत त्यांना झडतीमास्तर म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. ते निवृत्त झाले, सवय निवृत्त झाली नाही. पेपर टाकणारा आज शीळ का घालत नाही, इथपासून त्यांचा संशय सुरू व्हायचा.

त्यांची सून दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि लग्नाच्या आधीपासून मोटारसायकल चालवायची. साधीसुधी नव्हे, उंच, जड, जाड खाचांच्या टायरांची. आता तिला दोन मैत्रिणींबरोबर लांबच्या प्रवासाला जायचं होतं. एक दातांची डॉक्टर, दुसरी बेकरी चालवणारी. तंबू, स्टोव्ह, पाणी, अवजारं असं सगळं गाड्यांवर लादून, डांबरी रस्ता सोडून त्या जाणार होत्या. आधी कोरड्या नद्यांची पात्रं, मग मिठागरांमागची ओसाड जमीन आणि शेवटी दगडगोट्यांचे डोंगर.

"चांगला रस्ता असताना वाईट रस्त्यानं कोण जातं?" मास्तर बायकोला म्हणाले. "ज्याला काही लपवायचं असतं तो."

सासूबाई शिलाई मशीनवर बसल्या होत्या. सुनेच्या गाडीसाठी त्या जाड कॅनव्हासच्या पिशव्या शिवत होत्या, आणि हे पाहूनच मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

"किंवा ज्याला चांगल्या रस्त्यावर काय काय आहे ते पाठ झालंय तो," त्या मशीन न थांबवता म्हणाल्या.

पण मास्तरांना खटकणारी खरी गोष्ट वेगळीच होती. सुट्टीच्या दिवशी सून भरलेल्या पिशव्या गाडीला बांधून गल्लीच्या टोकाला असलेल्या नदीच्या कोरड्या पात्रात जायची आणि काही वेळानं तशाच भरलेल्या पिशव्या घेऊन परत यायची. माल नेला, कोणाला दिला नाही, परत आणला. फाटकावर असा माणूस सापडला असता तर मास्तरांनी त्याला बाकड्यावर बसवून ठेवलं असतं. एकदा सून हातपाय धुवायला गेलेली बघून त्यांनी पिशवी उघडली. आत विटा होत्या. जुन्या चादरीत गुंडाळलेल्या विटा, आणखी काही नाही. माणूस चोरून दागिने नेईल, कागदपत्रं नेईल, पण विटा? मास्तरांचा संशय कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला.

रात्रीच्या जेवणाला सुनेनं सहज विषय काढला. "ओझं असलं की गाडी वळायला वेगळी लागते, बाबा. म्हणून विटा भरून सराव करते. तुम्ही विचारलं असतं तर मीच दाखवल्या असत्या. पिशवीचं बक्कल उलटं लागलंय."

मास्तरांनी पाण्याचा घोट बराच लांबवला. मास्तरांच्या मुलानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ताटात डोकं खुपसलं. मग मास्तरांनी एक अट घातली.

"पुढच्या रविवारी सगळं सामान लादून तिघी नदीतून फिरून या. धडधाकट परत आलीस तर जा, मी मधे येणार नाही. हाडाला लागलं तर गाडी विकायची."

सुनेनं अट मान्य केली. पडणारच नाही अशी घमेंड तिला नव्हती. रोजची कटकट एकदाची मिटावी एवढंच तिला हवं होतं.

शनिवारी संध्याकाळी मास्तर सवयीनं आवारात फेरी मारत होते. गाडी उभी होती, सामान बांधलेलं होतं. त्यांनी टायर दाबून पाहिला. टायर मऊ होता. दुसराही मऊ. कोणीतरी हवा काढली होती!

आता कोणी काढली? शेजारी कालच विचारत होता, कधी निघणार म्हणून. त्याला कशाला हव्यात चौकशा? बेकरीवाली दुपारी गाडीजवळ वाकून काहीतरी करत होती. आणि मुलगा? बायकोला तोंडावर नाही म्हणायची त्याची हिंमत नाही. ती जाऊ नये म्हणून त्यानंच मागच्या दारानं हा उद्योग केला नसेल कशावरून? मास्तरांना सगळेच चोर दिसायला लागले.

एक सांगायला हवं. मास्तरांना सून पडायला नको होती. ती पडली तर गाडी विकली जाणार होती, पण तो विचार त्यांच्या मनालासुद्धा शिवला नाही. त्यांनी माळ्यावरून पायानं दाबायचा जुना पंप काढला आणि दम लागेपर्यंत दोन्ही टायर दगडासारखे गच्च केले. आणि सुनेला अवाक्षर सांगितलं नाही. पहाऱ्यातला पहिला नियम, चोर सावध होता कामा नये. फक्त बायकोच्या कानावर घातलं, "कोणीतरी हवा काढली होती. मी भरलीय. बोलू नकोस, उद्या चोर आपोआप कळेल."

चोर खरंच कळला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत दातांची डॉक्टर सुनेला धरून घरी घेऊन आली. कोपरं सोललेली, मनगट सुजलेलं. दवाखान्यात दुसऱ्यांची हाडं बघणारीला त्या दिवशी स्वतःच्या हाडाचा फोटो काढून घ्यावा लागला. मनगटाच्या हाडाला चीर गेली होती. प्लास्टर बांधून ती स्वयंपाकघरात येऊन बसली.

"चूक माझीच," ती म्हणाली. "वाळूत जायचं तर टायरची हवा कमी ठेवतात. चाक पसरतं, वाळूवरून निघून जातं. गच्च चाक आत रुततं. नदी दाराशीच म्हणून मी कालच हवा काढून ठेवली होती. पण काढली असं नुसतं वाटलं बहुतेक, कारण पडल्यावर बघते तर टायर गच्च. सकाळी हात लावून बघायला हवं होतं. बाबा, अट म्हणजे अट. गाडीला गिऱ्हाईक बघा."

सून आपल्या खोलीत गेली आणि आतून हुंदका ऐकू आला. दुखण्याचं रडणं कसं असतं ते मास्तरांना ठाऊक होतं, हे ते नव्हतं.

सासूबाई नवऱ्यासमोर येऊन बसल्या. "चोर सापडला ना?"

"मी तिच्या भल्यासाठीच केलं," मास्तर पुटपुटले.

"माहीत आहे मला. पण तुम्ही गल्लीतल्या सगळ्यांवर संशय घेतला. शेजाऱ्यावर घेतला, पोटच्या पोरावर घेतला. एक गोष्ट तेवढी तुमच्या मनात आली नाही, की तिची गाडी आहे, तिनंच विचार करून काहीतरी केलं असेल. बाईला काही समजत असेल हा संशय तुम्हाला कधी येतच नाही."

सासूबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत.

"तुमच्या फाटकावर बायका पिशव्या उघडून दाखवायच्या, कारण पोटाचा प्रश्न होता. घरातल्या बाईनं का दाखवायच्या? आता असं करा, उठा. गप्प राहिलात तर गाडी जाईल. आणि ती जन्मभर समजेल की आपल्यालाच जमत नव्हतं."

हे शेवटचं वाक्य मास्तरांना बरोबर लागलं. ते उठले, सुनेच्या दाराशी गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा दार वाजवून थांबले.

"हवा मी भरली," ते म्हणाले. "तू काढली होतीस, बरोबर काढली होतीस. मी न विचारता भरली."

सुनेनं दार उघडलं. ती लगेच विरघळली नाही, आणि का विरघळावं? "बाबा, माझी मान मोडली असती," ती म्हणाली. "विचारायला काय लागत होतं? मी भिंतीपलीकडेच होते."

"काही लागत नव्हतं," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मी कोणाला विचारत नाही, झडती घेतो. अट रद्द. गाडी विकायची नाही."

प्लास्टर निघेपर्यंत मैत्रिणी थांबल्या. मनगट पुन्हा भरवशाचं झाल्यावर एका सकाळी तिन्ही गाड्या आवारात उभ्या राहिल्या. सासूबाईंनी शिवलेल्या पिशव्या दोन्ही बाजूंना लटकत होत्या. मास्तर सवयीप्रमाणे घराच्या फाटकात उभे होते. एका पिशवीचा पट्टा त्यांना सैल दिसला. हात आपसूक पुढे गेला आणि मध्येच थांबला.

"हात लावू का?" त्यांनी विचारलं.

सुनेनं हेल्मेटची काच वर केली. "लावा, बाबा."

त्यांनी पट्टा ओढून घट्ट केला. बक्कल या वेळी सुलट लावलं. पिशवीत काय आहे हे त्यांनी पाहिलं नाही, आणि परत कधी, हेही विचारलं नाही. मग त्यांनी फाटक सताड उघडलं आणि तिन्ही गाड्या वाळूकडे वळून दिसेनाशा होईपर्यंत ते धरून उभे राहिले.

वाचकहो, आपल्या घरातही एखादी बाई तिच्या वाटेला निघाली असेल. तिची काळजी जरूर करा, पण आधी तिला विचारा. न विचारता हात घालाल, तर ती काळजी राहत नाही, झडती होते.