उघाडीची चावी

भाद्रपदातल्या पुनवेला खाडीचं पाणी शेतात शिरलं, तेव्हा सुचिता गप्प बसली. सर्वपित्रीच्या भरतीला पुन्हा शिरलं, तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. लोंब्या भरायचे ऐन दिवस, आणि खारानं भात पिवळं पडत चाललेलं! बांध तर कुठंच फुटला नव्हता. पाणी आलं ते उघाडीतून, म्हणजे बांधातल्या लोखंडी झडपेतून. झडपेला कुलूप, आणि कुलपाची चावी रावजीकाकांकडे. मग आणखी काय बघायचं?

गावाची रीत अशी की उघाडी कधी उघडायची ते खाराच्या, म्हणजे बांधाआडच्या शेतांच्या, कमिटीनं ठरवायचं, आणि कमिटीची अध्यक्ष सुचिता. चावी त्याच्याकडे, ज्याचं शेत सगळ्यात खोलात. चूक झाली तर पहिलं त्याचंच भात जावं, म्हणून. ते रावजीकाका, सुचिताचे चुलत सासरे. आणि भांडण झालंच, तर निवाडा अशा माणसानं करायचा, ज्याचं खारात वीतभरही शेत नाही. त्या वरच्या आळीतल्या वाडीवाल्या आनंदीबाई, निवृत्त हेडबाई.

पण सुचिताच्या मनात किडा शिरला तो शिरलाच. स्वतःचं भात करपलं तरी म्हातारा बोंब का मारत नाही? ती समोर दिसली की खाली का बघतो? नक्कीच कुठंतरी पाणी मुरतंय.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देवळात सभा भरली.

"काका, उघाडी कुणी उघडली?"

"मीच. निरोप आला व्हता."

"कुणाचा?"

रावजीकाकांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. "तुझ्याच घरनं. ओंकार आला व्हता. म्हणला, कमिटीनं सांगितलंय."

झालं! सुचिताच्या अंगाचा तिळपापड झाला. "स्वतःचं पाप झाकायला माझ्या नवऱ्याचं नाव? लाज न्हाय वाटत?"

"पालीच्या बल्लाळेश्वराची आण घेतो, पोरी."

"आण नको, चावी द्या!"

आनंदीबाई उठल्या. "थांब सुचिता. आधी ओंकारला विचारू. ते माझं काम आहे. तक्रार तुझी, मग निकालही तूच कसा देतेस?"

"तुम्ही त्यांचीच बाजू घेणार. इथून पुढं चावीबी माझ्याकडं, निवाडाबी माझ्याकडं. कुणाची हरकत?"

भात गेलेली माणसं, रागानं पेटलेली. एकानंही हरकत घेतली नाही. ओंकार खांबाला टेकून उभा होता, त्यानं तर सगळ्यांत आधी हात वर केला. रावजीकाकांनी करगोट्याची चावी सोडली आणि तिच्या हातात न देता पायरीवर ठेवली. चाळीस वर्षं ती त्यांच्याकडे होती. त्यानंतर ते देवळात आले नाहीत, नाक्यावर चहालाही दिसले नाहीत. पोरं त्यांना 'पाणीचोर' म्हणायला लागली. सुचिताला वाटलं, बरं झालं, खोड मोडली.

कोजागिरीच्या दुपारी ती पंचायतीतून घरी आली, तर खिळ्यावर चावी नव्हती. बारा वाजून गेलेले, भरती चढलेली. ती तशीच बांधाकडे धावली. उघाडी सताड उघडी, आणि पाणी खळाखळा आत. पलीकडे सासऱ्यांच्या जुन्या तळ्याच्या तोंडाशी ओंकार गुडघाभर चिखलात जाळी लावत होता. भरतीबरोबर जिताड्याची पिल्लं येतात, ती त्याला तळ्यात कोंडायची होती.

सुचितानं आधी झडप खाली पाडली, कुलूप घातलं, त्यातच लटकणारी चावी काढून घेतली, मगच तोंड उघडलं.

"म्हणजे काका खरं बोलत व्हते?"

"अगं, दोन घटका पाणी घेतलं तर काय बिघडतं? एकदा मासे वाढले की बघ."

"त्यांचं भात गेलं! त्यांना गावानं चोर ठरवलं!"

"ते तू ठरवलंस, मी न्हाय." ओंकार चक्क हसला. "आणि घाबरतेस कशाला? हुकूम तुझा, चावी तुझी, निवाडा तुझा. तक्रार जाणार कुणाकडं? तुझ्याकडंच ना? मग बस गप्प."

ती बांधावरून माघारी निघाली. तो म्हणत होता त्यात खोटं काहीच नव्हतं. ती गप्प बसली असती तर साऱ्या गावात तिला विचारणारं कुणी उरलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, बांधावरून उतरेपर्यंत गप्प बसावं असं तिला दोनदा वाटलं. नवऱ्याची अब्रू, आपली खुर्ची, दोन्ही वाचली असती. फक्त रावजीकाका तेवढे चोर म्हणून मेले असते.

ती घरी गेलीच नाही, तडक वरच्या आळीला गेली. आनंदीबाई ओटीवर सुपारी निवडत होत्या.

"काकू, तक्रार लिहून घ्या. ओंकारविरुद्ध. खोटा निरोप त्यानंच नेला. आज मी डोळ्यांनी बघितलं."

आनंदीबाईंनी सूप बाजूला केलं. "आणि निवाडा कोण करणार? मला तर तूच घरी बसवलंस."

सुचिताच्या डोळ्यांत पाणी आलं. पदरानं पुसून तिनं चावी त्यांच्यासमोर ठेवली.

"मग माझ्याविरुद्धबी एक लिहा. पहिली तीच लिहा."

आनंदीबाईंनी चष्मा लावला, वही उघडली आणि एखाद्या परक्या बाईला विचारावं तसं तिचं पूर्ण नाव विचारलं.