माझी पाठही वाचा

मी मल्टिमीटर बोलतोय, विजेचं व्होल्टेज मोजणारा. अंबरनाथला भीमरावांच्या भिंतीवर, खिळ्याला टांगलेला. मी खोटं बोलत नाही, पण अगदी तंतोतंतही बोलत नाही. कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगतो.

भीमराव कारखान्यात वायरमन. १९९० साली त्यांनी आणि त्यांच्या दोस्तानं, सदूनं, उल्हासनगर कॅम्प दोनमधून आम्हां दोघा मीटरांना एकाच दुकानातून घेतलं. "साईं, दोनों एक नंबर माल!" दुकानदार म्हणाला. भीमरावांनी आठवडाभर घरातला एक प्लग मोजायचा सोडला नाही. काट्याच्या मीटरकडे माणूस मान वाकडी करून बघतो. आमच्यासारख्या स्क्रीनवर आकडा दिसला की मात्र लगेच विश्वास ठेवतो.

पुढच्या वर्षी बाबासाहेबांची शताब्दी जयंती. आदल्या जयंतीला व्होल्टेज चढून वस्तीचा अ‍ॅम्प्लिफायर जळाला होता, गाणी अर्ध्यावर राहिली होती. यंदा भीमरावांच्या पत्नी सुनंदाताई गाणार होत्या. म्हणून दोघा दोस्तांनी मिळून स्टॅबिलायझर बांधला.

आदल्या संध्याकाळी तो तपासायला घेतला. मी २२८ व्होल्ट दाखवले, सदूच्या मीटरनं २३२.

"तुझा मीटर गंडलाय!"

"माझा कशाला? तुझाच फेकतोय!"

शब्दानं शब्द वाढला. "मग हा डबा लावायचाच नाय," म्हणत सदूनं चप्पल पायात घातली. मला फार वाईट वाटलं.

"भांडण मीटरचं, आणि गाणं माझं बंद?" सुनंदाताई कणकेच्या हातानं दारात उभ्या राहिल्या. "सदूभावजी, कुठं निघालात?"

"त्याच्या मीटरची बॅटरी उतरली असेल, बघा तरी!" सदू म्हणाला.

बॅटरी काढायला भीमरावांनी मला उलटं केलं, आणि पहिल्यांदाच माझी पाठ वाचली. दाखवलेल्या आकड्याचा एक टक्का, अधिक शेवटच्या घरातले तीन अंक, इतका फरक पडू शकतो, असं तिथं बारीक अक्षरात छापलं होतं. २२८ चा टक्का सव्वादोन, त्यात ते तीन अंक म्हणजे तीन व्होल्ट मिळवले की सव्वापाच. म्हणजे खरं व्होल्टेज २२३ ते २३३ मध्ये कुठंही असू शकतं. सदूच्या मीटरच्या पाठीवरही तेच.

"म्हणजे दोघंपण बरोबर?" सदू.

"दोघंपण. एवढं इकडं-तिकडं चालतंय त्यांना."

सदूनं चप्पल काढली आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी सुनंदाताईंचा आवाज वालधुनी नदीच्या पार गेला. मी स्टॅबिलायझरला जोडलेला होतो. इतका आनंद मला पुन्हा झाला नाही.

आता माझं बटण सैल झालंय. सदू खरवईला राहायला गेला, पण आपला मीटर इथंच ठेवून गेला. जोडी तोडू नका म्हणाला. तुम्हीही कुणाला खोटं ठरवण्याआधी एकदा आमची पाठ वाचा.

आम्हां दोघांत अजून चार व्होल्टचा फरक आहे. दर रविवारी सदू येतो, आणि त्याची चप्पल दिवसभर दारातच असते.