उरलेलं गंध

मित्रांनो, मला कुणी दगड म्हटलं तर मी रागावत नाही. दगड आहेच मी. पण रस्त्यातला नव्हे, देवघरातला. मी एक जुनी सहाण आहे, तीन बुटक्या पायांची, वाटोळी, मधोमध जराशी झिजलेली. माझ्यावर दोन थेंब पाणी घालून चंदनाचं खोड गोल गोल फिरवलं की गंध तयार होतं. तुमच्या घरी आता गंधाची बाटली असेल. असू दे बापडी.

कुठल्याशा खाणीतून मला काढलं आणि एका पाथरवटानं छिन्नीनं घडवलं. फार लागलं तेव्हा, पण तक्रार करणार कुणाकडे? पानशेतच्या पुरात शनिवार पेठेतल्या पुष्कळ घरांतलं सामान वाहून गेलं. त्यातल्याच एका घरी पुढच्या साली मथुराबाई सून म्हणून आल्या. त्या घरचे देव गाळात सापडले होते, सहाण मात्र गेली ती गेलीच. म्हणून मंडईबाहेर बसणाऱ्या एका म्हातारीकडून मथुराबाईंनी मला घासाघीस करून घेतलं. "दगडच तर आहे, त्याचा काय एवढा तोरा?" असं त्या म्हणाल्या होत्या. मला अजून आठवतं.

पण एकदा घरात आल्यावर त्यांनी माझा मान ठेवला. रोज सकाळी आंघोळ करून त्या माझ्यापुढे बसत. त्यांचा नियम एकच, आधी देवाला, मग उरलेलं माणसाला. बाळकृष्णाला गंध लागल्याशिवाय कुणाच्या कपाळाला लागत नसे. त्यांचा मुलगा अनंत लहानपणी घामोळ्यांनी रडायचा, तेव्हाही पूजा होईपर्यंत त्याला थांबावं लागे. पुढे जुनं घर पाडून तिथे इमारत झाली, आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो, अनंत मोठा झाला, त्याचं लग्न झालं. नियम काही बदलला नाही.

अनंतची बायको पद्मजा शाळेत भूगोल शिकवायची. हसरी आणि बोलकी. स्वयंपाकघरातून सासूबाईंशी बोलता बोलता तिचं अर्धं जग फिरून होत असे. मग एका वर्षी तिला खाज सुटू लागली. अंगावर पुरळ नाही, चट्टा नाही, नुसती आतून खाज. तळवे, दंड, पाठ. झोप उडाली. डोळे पिवळसर दिसायला लागले.

"कावीळ आहे," मथुराबाईंनी निकाल दिला. कावीळ उतरवणाऱ्या बाईंकडून माळ आणली, उसाचा रस झाला, तेलतूप बंद झालं. पिवळेपणा थोडा गेला. खाज कुठे जाते! शेवटी अनंत तिला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. तिथे कळलं की यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या ज्या बारीक नळ्या असतात, त्यांच्यात काहीतरी बिघडलंय.

हे ऐकून शेजारच्या विजयमालाबाई हळूच विचारायला आल्या, "लिव्हरचं म्हणजे... अनंतराव घेतात का हो?"

"घेतो ना. दोन वेळा चहा," मथुराबाई म्हणाल्या. "आणि दुखणं सुनेचं आहे. तुम्ही मुलाची चौकशी कशाला करता?"

पद्मजा मात्र मिटून गेली. गोळ्या सुरू होत्या, पाण्यात कालवून घ्यायची पूडही होती, पण खाज पुरती हटत नव्हती. एके सकाळी पूजा झाल्यावर तिनं माझ्यावरचं उरलेलं गंध बोटानं पुसून दंडाला लावलं आणि डोळे मिटून तशीच बसली. "आई, किती गार वाटतं हो," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, आजार यानं जाणार नाही, पण बरं वाटत असेल तर लावा. बाजारातली चंदनाची पूड आणून पाहिली, तिनं उलट आग झाली. तेव्हा उरलेलं गंध हाच तिचा आधार ठरला.

आणि गंमत बघा. त्या दिवसापासून मथुराबाई गंध जास्त उगाळू लागल्या. आमचे देव मोजके, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि एक गणपती. गंध मात्र पंगतीला पुरेल एवढं! अनंतनं एकदा विचारलं, "आई, एवढं कुणासाठी?" तर म्हणाल्या, "देवासाठी. तुला काय करायचंय?" सुनेवर माया करतेय हे कबूल करायला त्यांना जड जात असे. मला मात्र त्यांच्या मनगटातला जोर कळत होता. एवढं मनापासून कुणी मला कधीच वापरलं नव्हतं.

पुढे पद्मजाच्या त्या नळ्यांचा मोठ्या यंत्रातून फोटो काढायचं ठरलं, यकृताचा बारीक तुकडाही तपासायला जायचा होता. त्या सकाळी मथुराबाईंनी देव पाण्यात ठेवले. मित्रांनो, ही जुनी रीत आहे. घरावर संकट आलं की देवांना पाण्यात ठेवायचं आणि काम झालं की बाहेर काढायचं. अनंतच्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी तेच केलं होतं, आणि ऑपरेशन पार पडलं त्याच संध्याकाळी देव बाहेर आले होते. या वेळी तांब्याच्या तपेलीत देव ठेवून त्या हात जोडून म्हणाल्या, "हिला काय झालंय ते नक्की कळेपर्यंत तुमची सुटका नाही."

इथेच त्या चुकल्या. ऑपरेशनला शेवट असतो. या दुखण्याला साधं नावही मिळेना.

काही दिवसांनी अनंत आणि पद्मजा तपासणीचा निकाल घेऊन आले. पद्मजा देवघराच्या उंबऱ्याशीच बसली. "नळ्या कुठे अरुंद, कुठे रुंद दिसतायत म्हणे," ती सांगू लागली. "जन्माची सोबत करणाऱ्या आजाराची सुरुवात असेल, किंवा जुन्या सुजेचा नुसता व्रण असेल. तुकड्यावरूनही सांगता येत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाल्या डॉक्टरीणबाई."

"म्हणजे कळलं नाही?" मथुराबाईंनी विचारलं.

"नाही कळलं."

देव पाण्यातच राहिले. देव पाण्यात म्हणजे पूजा नाही. पूजा नाही म्हणजे गंध नाही. आणि गंधच नाही तर उरणार काय, कपाळ? मी कोरडी ठणठणीत पडून राहिले. चंदनाचं खोड माझ्या शेजारीच होतं, पण कुणी हात लावीना. पद्मजानं ते उचललं असतं तर कुणी तिला मारलं नसतं. पण तिला वाटे, सासूबाई माझ्यासाठीच एवढं कडक व्रत धरून बसल्यात, ते मी कसं मोडू? आणि मथुराबाईंना वाटे, देवाशी बोललेला शब्द फिरवला आणि हिचं काही वाईट झालं तर? दोघी एकमेकींसाठी अडून बसल्या होत्या, आणि खाज काही अडत नव्हती.

"आई, निदान म्हणजे काय दहावीचा निकाल आहे, अमुक तारखेला लागायला?" अनंत वैतागून म्हणाला.

"बोलल्ये ते बोलल्ये," एवढंच उत्तर.

मला त्या महिन्यांत चंदनाची फार आठवण यायची. पण माझ्याहून जास्त कासावीस पद्मजा होती. ती मथुराबाईंना म्हणायची, "आई, मला ना, एक अख्खी रात्र झोपायचंय. आणि या मेल्या आजाराचं नाव हवंय. वाईट असलं तरी चालेल. नाव असलं की त्याच्याशी भांडता येतं. आत्ता मी कुणाशी भांडू?" शाळेच्या सहलीला ती नाही म्हणाली. बहीण शहराबाहेर मांजरी गावात नव्या घरी राहायला गेली, तिच्याकडे गेली नाही. जे ते "कळलं की मग". तिच्या दंडांवर नखांचे ओरखडे उठले होते. मथुराबाई तपेलीतलं पाणी रोज बदलत आणि ते ओरखडे बघत.

सहा महिने सरले. पुन्हा फोटो झाला. दुपारी दोघं परत आले तेव्हा मथुराबाई दारातच उभ्या होत्या.

"कळलं का गं?"

पद्मजानं चपला काढल्या, पर्स ठेवली. "तसंच आहे म्हणे. वाढलं नाही, गेलंही नाही. नाव अजून देता येत नाही. कदाचित वर्षानं कळेल, कदाचित कधीच..." इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं रडू एकदम बाहेर आलं. पाठ खाजवायला तिचा हात मागे जात होता आणि पोचत नव्हता.

मथुराबाई आत आल्या. तपेलीपुढे बसल्या. बाळकृष्णाला बाहेर काढलं, पाटावर ठेवलं. मग अन्नपूर्णेला, मग गणपतीला.

"अहो आई, हे काय करताय?" पद्मजा रडायचं थांबली. "नक्की कळलंय कुठे अजून?"

"न कळू दे," मथुराबाई म्हणाल्या. "कळेल तेव्हा कळेल. तोवर किती दिवस असं बुडवून ठेवायचं सगळ्यांना? शब्द मी दिला होता, काय व्हायचं ते माझं होईल. तुला काही होणार नाही."

त्यांनी माझ्यावर पाणी घातलं आणि खोड हातात घेतलं. मित्रांनो, किती दिवसांनी! पहिल्या फेऱ्यात नुसता खरखर आवाज झाला, मग हळूहळू दाट, गार, वासाचं गंध उतरू लागलं. मथुराबाई थांबेनातच. सवयीनं पद्मजा पुढे झाली, गंधात बोट बुडवलं आणि बाळकृष्णाकडे हात नेला.

मथुराबाईंनी तिचा हात धरला.

"त्याचं नंतर," त्या म्हणाल्या. "तू पाठ कर इकडे."

आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते मी पाहिलं. माझ्यावरचं पहिलं गंध सुनेच्या पाठीला लागलं. देव ओल्या अंगानं पाटावर बसून होते, आणि सासूबाई ओंजळभर गंध घेऊन विचारत होत्या, "इथे? का आणखी खाली?"

"खाली," पद्मजा म्हणाली. "हां, तिथेच."

खाज दुसऱ्या दिवशी परत आली. ती अजूनही येते. आजाराला नाव मिळालेलं नाही, आणि नावाची ओढ पद्मजाच्या मनातून गेलेलीही नाही. पण ती मांजरीला बहिणीकडे राहून आली.

मित्रांनो, मी दगड, तुम्हाला काय शहाणपण शिकवणार? वापरून झालं की मला धुऊन, पुसून ठेवा, एवढं माझ्यापुरतं मागणं. आणि तुमच्या घरात कुणी "अजून नक्की कळलं नाही" असं म्हणत असेल, तर त्याला "काही होत नाही रे" म्हणू नका, आणि कळण्याची वाटही बघत बसू नका. त्याच्यामागे जाऊन बसा आणि विचारा, हात कुठे पोचत नाही?