खांद्यावरचा छोटा ह

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. शंभर पानी, एकेरी रेघांची, निळ्या पुठ्ठ्याची. गेली कित्येक वर्षं मी एका काचेच्या कपाटात उभी आहे. माझ्या पुठ्ठ्यावर 'उत्कृष्ट नमुना' अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे. येणारेजाणारे माझ्याकडे आदराने बघतात. आणि माझ्या सतराव्या पानापासून एकविसाव्या पानापर्यंत खोटं लिहिलेलं आहे.

वही स्वतः काही लिहीत नाही, तिच्यावर लिहिलं जातं. त्यामुळे दोष माझा नाही. पण ते खोटं मिरवावं मला लागतं.

माझा जन्म कागदाच्या गिरणीत झाला. त्याआधी मी लगदा होते, आणि त्याआधी बहुधा जुनी वर्तमानपत्रं, कारण दुसऱ्यांच्या घरातलं बोलणं कान देऊन ऐकायची खोड मला पहिल्यापासून आहे. मला रुळांखाली दाबलं, वाळवलं, माझ्यावर रेघा मारल्या, मधोमध दोन पिना ठोकल्या. मग मी एका दुकानात आले. तिथून एका परिचारिकेनं मला तिच्या धाकट्या मुलीसाठी नेलं. मुलगी वीस वर्षांची होती, तरी घरात तिला सगळे बारकीच म्हणत.

बारकी वाचा-उपचाराच्या कॉलेजात शिकत होती. ज्यांचं बोलणं अडखळतं किंवा आजारपणात गेलेलं असतं, त्यांना पुन्हा बोलायला शिकवायचं, असं ते शिक्षण. वर्गातल्या फक्त दोघांना रुग्णालयाच्या उपचार-खोलीत खऱ्या रुग्णांबरोबर काम करायला मिळणार होतं. बारकीला ती जागा हवी होती. इतकी, की माझ्या पहिल्याच पानावर तिनं त्या खोलीचा क्रमांक लिहून ठेवला होता.

त्या निवडीसाठी एक काम होतं. ते मॅडमनी सांगितलं तेव्हा मी बाकावर उघडीच होते.

"प्रत्येकानं स्वतःचं इंग्रजी बोलणं रेकॉर्ड करायचं," मॅडम म्हणाल्या, "आणि उच्चारचिन्हांत उतरवायचं. एका आवाजाला एक चिन्ह. स्पेलिंग डोक्यातून काढून टाका."

"मॅडम, आमचे उच्चार चुकीचे असले तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"इथं चूक-बरोबर काही नसतं रे. आहे तसं लिहायचं. उद्या रुग्ण समोर बसेल, तेव्हा तो काय बोलला ते ऐकू आलं पाहिजे. त्यानं काय बोलायला हवं होतं, ते नाही."

बारकीनं हे वाक्य माझ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. ते वाक्य मला फार आवडलं. वहीला याहून चांगलं काम कोणतं असणार?

मग आमचे कामाचे दिवस सुरू झाले. बारकी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायची. खिडकी लावायची, पंखा बंद करायची आणि फ्रिजसुद्धा, कारण त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येत असे.

"दूध नासलं ना, तर त्याची पावती तुझ्या शास्त्राच्या नावानं फाडीन हं," आई म्हणायची.

"दहाच मिनिटं गं. आणि तू बोलू नकोस, तू पण येतेस त्यात."

तिनं साठ शब्दांची यादी केली. प्रत्येक शब्द तीन वेळा म्हटला. दुपारी ऐकून चिन्हं लिहिली, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पान झाकून पुन्हा ऐकून लिहिली, आणि दोन्ही ताडून पाहिली. जिथं जुळलं नाही तिथं प्रश्नचिन्ह. 'टेबल'मधला ट म्हणताना तिच्या जिभेचं टोक टाळूकडे वळत होतं. तिथं तिनं खाली शेपूट असलेला टी लिहिला. परदेशी शब्दकोशातल्या टीला ते शेपूट नव्हतं. "हा माझा," ती स्वतःशीच म्हणाली आणि खूश झाली.

सतराव्या पानावर मात्र आम्ही अडलो. इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू असे दोन आवाज आहेत. शब्दकोश सांगत होता की पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला लागतात आणि दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो. बारकीनं आरसा धरला. दात ओठाला लागत नव्हते. चंबूही होत नव्हता. ओठ दातांच्या जवळ जाऊन नुसता थांबत होता. त्या आवाजाचं चिन्ह वेगळं आहे: व्हीसारखं, पण बूड गोल आणि उजवं टोक आत वळलेलं. बारकीनं त्याचं नाव ठेवलं आकडी.

'व्हॅन'ला आकडी. 'वन' म्हणजे एक, त्याच्या स्पेलिंगात नसला तरी उच्चारात डब्ल्यू आहे; त्यालाही आकडी. "म्हणजे माझे दोन्ही आवाज एकच?" ती हिरमुसली. पण मुलगी हट्टी. तिनं पुन्हा ऐकलं, वीस वेळा तरी ऐकलं. मग एकदम उठून माझ्या शेवटच्या पानाची एक बारीक पट्टी फाडली आणि ओठांसमोर धरली.

"वन," ती म्हणाली. पट्टी जागची हलली नाही.

"व्हॅन." पट्टी फडफडली.

पान फाटलं याचं मला जराही दुःख झालं नाही. कारण तेव्हा आम्हाला दोघींना कळलं की तिच्या व्हीमध्ये एक छोटासा ह लपलेला आहे. आपण कागदावर व्हॅन, व्हिटॅमिन असं लिहितो ना, तसाच तो तोंडातही होता. तिनं आकडीच्या खांद्यावर त्या हचं बारीक चिन्ह बसवलं.

तेवढ्यात आई कामावरून आली. बारकीनं पट्टी तिच्या तोंडासमोर धरली. "आई, व्हेन म्हण. नस असते ना, ती."

"बाई गं, सकाळपासून तेच म्हणतेय. एका आजोबांची व्हेन सापडता सापडेना..."

पट्टी फडफडली. बारकीनं टाळ्या पिटल्या. "तुझ्याकडूनच आलाय हा ह! तूच शिकवलेस ना मला हे शब्द."

आईनं चष्मा लावून पान पाहिलं. तिला चिन्हं वाचता येत नव्हती, पण खांद्यावरचा तो बारका ठिपक्याएवढा ह तिनं बरोबर हुडकला. "अगं, म्हणजे तू माझंच तोंड उतरवलंस की वहीत!"

त्या दिवशी बारकीनं समासात लिहिलं: 'माझ्या इंग्रजीत हे दोन आवाज वेगळे आहेत. फरक दातांनी नाही, श्वासानं होतो.' मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत खरं वाक्य. ते आता तुम्हाला माझ्यात सापडणार नाही.

मॅडमनी पान पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "व्हेरी गुड." पट्टी असती तर चांगलीच उडाली असती, कारण त्यांच्याही व्हेरीत तो ह होता. बारकी गालात हसली. मीही.

मग सादरीकरणाचा दिवस आला. बाहेरून एक परीक्षक आले होते. बारकीनं मला पडद्यावर दाखवलं, आकडी दाखवली, पट्टीचा प्रयोगही करून दाखवला. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तुम्ही बोलता बोलता फुंकर मारता?"

वर्ग हसला.

"व्हॅनमध्ये बसताना खिडक्या लावून घेत जा," ते पुढे म्हणाले, "नाहीतर वारा सुटायचा आत!"

वर्ग आणखी हसला. बारकीनं मॅडमकडे पाहिलं. मीही पडद्यावरून त्यांच्याकडेच पाहत होते. आता त्या सांगतील, मला वाटलं. इथं चूक-बरोबर नसतं, हे त्यांचंच तर वाक्य. ते माझ्या तिसऱ्या पानावर आहे, दोन रेघांसकट.

मॅडमही हसल्या. "सर, मुलगी प्रामाणिक आहे हो. स्वतःच्या चुकांची यादी स्वतःच करून आणली."

"पण मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात..."

"म्हणाले होते गं. पण म्हणून सुधारायचंच नाही का? शुक्रवारी वह्या जमा करायच्या आहेत. निवड त्यावरच आहे. तोवर ही नीट करून दे."

नीट. एवढाच शब्द. नीट म्हणजे स्वच्छ, नीट म्हणजे सरळ, नीट म्हणजे बरोबर. त्यांना कोणता अर्थ हवा होता, हे त्यांनी सांगितलं नाही आणि बारकीनंही विचारलं नाही. दोघींना तो ठाऊक होता. मला एकटीला वाटत होतं की मी नीटच आहे.

गुरुवारी दुपारी बारकी त्याच टेबलावर बसली. फ्रिज चालू होता, खिडकी उघडी होती. या वेळी रेकॉर्डिंग ऐकायचंच नव्हतं. तिनं शब्दकोश उघडला आणि खोडरबर हातात घेतलं. आधी समासातलं वाक्य गेलं. मग 'टेबल'चं शेपूट. मग एकेक आकडी, आणि तिच्या खांद्यावरचा ह. पाच पानं तिनं पुसली आणि त्यावर शब्दकोशातली चिन्हं सुरेख अक्षरात उतरवली. खोडरबरानं शिसं जातं, दाब जात नाही. नवीन चिन्हांखाली जुनी चिन्हं मला अजून जाणवतात, पायात काटा मोडल्यासारखी.

आई मागे येऊन उभी राहिली. "माझा ह कुठं गेला गं?"

"चूक होती ती, आई."

"असं?" आई पदरानं चष्मा पुसत म्हणाली, "चुकीच्या व्हेनला सुई मात्र बरोबर लागते हं माझी."

खोडरबराची धूळ बारकीनं तळहातानं झटकली. आईचं तोंड माझ्या पानांवरून जमिनीवर पडलं.

शुक्रवारी परीक्षकांनी मला चाळलं. रेकॉर्डिंग शेजारीच होतं, ते कुणीही लावून पाहिलं नाही. लावलं असतं तर पहिल्याच शब्दाला कळलं असतं की वही एक सांगते आणि आवाज दुसरंच. बारकीला पूर्ण गुण मिळाले. उपचार-खोलीतली जागाही मिळाली. माझ्यावर चिठ्ठी चिकटली आणि मी कपाटात आले. रेकॉर्डिंग पुसून त्यावर पुढच्या वर्गाचे आवाज भरले गेले.

माणसाचं बोलणं बदलतं, त्यात काही वाईट नाही. पण वीस वर्षांची बारकी कशी बोलत होती, याची नोंद जगात दोनच ठिकाणी होती. एक पुसली गेली आणि दुसरी खोटी झाली.

दरवर्षी नवी मुलं येतात, मला बाहेर काढतात आणि माझ्यावरून चिन्हं उतरवून घेतात. उतरवताना त्यांचे ओठ पुटपुटत असतात. ओठ एक बोलतात, हात दुसरं लिहितो. माझं कौतुक होतं. पण ज्या पानांसाठी होतं ती पाहू नयेत असं मला वाटतं, आणि नेमकी तीच पानं मळली आहेत. बाकीची कुणी उघडतही नाही.

बारकीच्या त्या मॅडम निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कोण आलं ठाऊक आहे? बारकी! तिचा हात कपाटाला लागला आणि माझी पानं थरथरली. आता ती मला उघडेल, मुलांना सांगेल, मला वाटलं. पहिली दोन वर्षं ती माझ्याकडे बघायचंच टाळत होती. तरी मी आशा सोडली नाही.

परवा, मंगळवारी, एक मुलगी स्वतःची वही घेऊन तिच्यासमोर उभी राहिली. "मॅडम, माझ्या रेकॉर्डिंगमध्ये व्हॅनला ह ऐकू येतोय. पुन्हापुन्हा येतोय. लिहू?"

बारकीनं मला कपाटातून काढलं, सतरावं पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं. पानावर तिचा अंगठा होता, बरोबर जुन्या आकडीवर. तो दाब तिला जाणवला नसेल असं मला वाटत नाही.

"हे तुमचं आहे, मॅडम?" मुलीनं विचारलं. "तुम्ही तेव्हा अशाच बोलायचात?"

"हो. अशीच," बारकी म्हणाली. "आहे का बघ त्यात ह?"

"नाही."

"मग? नीट करून आण."

मुलीनं तिथंच दप्तरातून खोडरबर काढलं.

मित्रांनो, पूर्वी माझा विश्वासघात झाला तेव्हा बारकी घाबरलेली होती, म्हणून मी तिला मनातल्या मनात माफ करत आले. परवा तिला कशाचीच भीती नव्हती.

वह्यांना कव्हर घाला, पानांचे कोपरे दुमडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझं मागणं थोडं वेगळं आहे. स्वतःबद्दल जे लिहाल ते आहे तसं लिहा. पुढे ते चूक वाटलं, तर पुसू नका. त्यावर एक आडवी रेघ मारा आणि शेजारी नवं लिहा, म्हणजे खाली काय होतं ते वाचता येईल. रेघ मारल्यानं आम्हा वह्यांना काही होत नाही.

त्या मुलीनं परवा माझ्यासमोर एकच पान पुसलं, बाकीची पानं ती तशीच घरी घेऊन गेली. वह्या शुक्रवारी द्यायच्या आहेत आणि आज गुरुवार आहे. मी कपाटात आहे. तिला कुणीतरी जाऊन सांगा.