एक इंच वजा

मी शिंप्याच्या गळ्यातली टेप बोलतेय. अंगावर साठ इंच छापलेत, पण खरं विचाराल तर मी एकोणसाठच. पहिला इंच मास्तरांनी खाल्ला. अगदी खराखुरा खाल्ला हो! कापड कसं बेतावं याचा विचार करताना माझं टोक चावायची त्यांना सवय, आणि विचार तर रोजच करावा लागायचा.

दुसऱ्या कुणी नवी टेप आणली असती. मास्तरांनी पद्धत बदलली. एकच्या रेघेपासून माप धरायचं, मोठ्याने आकडा सांगायचा, आणि वहीत लिहिताना बाईंनी त्यातून एक वजा करायचा. बाई म्हणजे मास्तरांची बायको. काजं, बटणं आणि वही त्यांच्याकडे. मास्तर 'एकोणचाळीस' म्हणाले की बाई 'अडतीस' लिहिणार. वीस वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत. गिऱ्हाइकांना मात्र वाटायचं, बिचारीला ऐकायला कमी येतं.

मला त्या 'माझी सवत' म्हणतात. आता मास्तर जेवतानासुद्धा मला गळ्यातून काढत नाहीत, यात माझा काय दोष?

माणसं मी फार जवळून पाहिलीत. कंबर मोजायला गेले की भलेभले श्वास आत ओढून उभे राहतात. मास्तर गुपचूप दोन बोटं ढिली सोडतात. "पँट घालून बसायचंही असतं माणसाला," एवढंच पुटपुटतात.

एके दिवशी एक प्राध्यापक कोट शिवायला आले. 'जगण्याचं सार्थक' या विषयावर त्यांचं मोठं व्याख्यान होतं, ते त्यांनी दुकानातच सुरू केलं. मी त्यांच्या छातीभोवती, आणि हे सांगतायत, "मास्तर, माणूस गेल्यावर मागे काय उरतं, त्यावर आयुष्याचं मोल ठरतं. ग्रंथ उरतो, इमारत उरते, नाव उरतं."

"आणि कपडे?" मास्तरांनी विचारलं.

"कपडे फाटतात हो."

झालं! मास्तरांचा चेहरा पडला. मला असा राग आला त्या माणसाचा! गळ्याचं माप अजून घ्यायचं होतं, पण मी पडले सभ्य घराण्यातली.

त्या तंद्रीत आकडे सांगताना मास्तरांनी स्वतःच एक वजा केला. बाईंनी नेमाप्रमाणे आणखी एक केला. कोट इंचभर तंग झाला आणि कळलं कुणालाच नाही, कारण घालून बघायला प्राध्यापकांना फुरसत नव्हती.

कोट दिला त्या संध्याकाळी मास्तर म्हणाले, "अगं, दुकान बंद करू या. वीस वर्षं लोकांच्या कमरा मोजल्या. मागे काय उरलं? चिंध्या."

बाई एरवी हिशेब पुरा झाल्याशिवाय वही मिटत नाहीत. त्या दिवशी मिटली. मला तर धडकीच भरली.

व्याख्यानाला दोघं गेले. मला काढून ठेवायचं मास्तर विसरले. सभागृह गच्च भरलेलं. "अखेर काय उरतं?" म्हणत प्राध्यापकांनी दोन्ही हात वर केले आणि पाठीवरची शिवण टर्रकन उसवली. समोर माईक होता, त्यामुळे आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. लोक खो खो हसत सुटले.

"अहो, तुम्हीच वजा केलात की काय?" बाईंनी हळूच विचारलं. मास्तर एव्हाना स्टेजवर पोचले होते. कॉलरच्या आत खोचलेली सुई त्यांनी काढली, बाईंनी खालून दोरा दिला.

"पाठ लोकांकडे करा, उजेड तिकडून येतोय. आणि हात हलवू नका," मास्तर म्हणाले. शिवणीत दाबलेलं कापड मोकळं करून त्यांनी टाके घातले. सार्थकाचं उरलेलं व्याख्यान प्राध्यापकांनी मागच्या पडद्याला दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर एका पुठ्ठ्यावर 'दुकान बंद' असं रंगवत बसले. 'बंद' मधला 'बं' झाला होता, इतक्यात एक आजी पिशवी घेऊन आल्या.

"काल तुम्हाला स्टेजवर पाहिलं आणि हा शर्ट आठवला," त्या म्हणाल्या. "आमच्या यांच्यासाठी तुम्हीच शिवला होता. हे जाऊन चार वर्षं झाली. मी घरात घालते. पण खांदे फार उतरतात, आणि कॉलर गेलीय. माझ्या मापाचा होईल का?"

मास्तरांनी शर्ट उलटा करून पाहिला. शिवण जागची हलली नव्हती. ते बराच वेळ ती शिवण बोटाने चाचपत राहिले. मग त्यांचे डोळे भरून आले. एक थेंब माझ्या बावीसच्या आकड्यावर पडला. खोटं कशाला बोलू, मलाही गलबलून आलं.

"कॉलर उलटवून देतो, नव्यासारखी दिसेल. उभ्या राहा आजी," ते म्हणाले आणि मला गळ्यातून काढलं.

"आजपासून बंद ना दुकान?" वही उघडत बाईंनी मुद्दाम विचारलं.

"हे एवढं होऊ दे," मास्तर म्हणाले.

शर्ट झाला. मग प्राध्यापक कोट सैल करायला आले, आणि खालच्या आवाजात दोन पँटींची मापंही देऊन गेले. मास्तर पुन्हा म्हणाले, हे एवढं होऊ दे. या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. तो पुठ्ठा अजून 'बं'वरच अडलाय.

मी आता म्हातारी झाले. कडा विरल्यात, आकडे पुसत चाललेत. जगण्याचं सार्थक कशात, ते मला विचारू नका, मला साठच्या पुढे मोजता येत नाही. शिवाय बोलायला वेळ कुठाय? समोर एक गृहस्थ केव्हाचे हात पसरून उभे आहेत. येते मी.